लीजची गाडी मुदतीआधी विकायची असेल तर

दर वर्षी चार-पाच जण तरी मला हे विचारतात, आणि फोन येतो तोवर हातात दिवस थोडे उरलेले असतात. कोणाची नोकरी गेलेली असते आणि एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर नोकरी गेल्यानंतर मिळणारी ६० दिवसांची मुदत सुरू झालेली असते. कोणाचे आईवडील पुण्यात एकटे असतात आणि कायमचं परत जायचं ठरलेलं असतं. "ताई, लीज संपायला अजून चौदा महिने आहेत. ग्रुपवर टाकलं तर कोणी घेईल का गाडी?" मी वीस वर्षांहून जास्त काळ फ्रीमाँटमध्ये राहते. आमच्या घरात आजवर चार गाड्या लीजवर आल्या, त्यातल्या दोन मुदतीआधी विकल्या. पुढे जे सांगते ते कॅलिफोर्नियाचं आहे. दुसऱ्या राज्यात टॅक्स आणि कागदपत्रांचे नियम वेगळे असतात.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ती गाडी तुमची नाही. आपल्याकडे कर्जावर घेतलेल्या गाडीचं आरसी बुक आपल्याच नावावर असतं, त्यावर बँकेचं हायपोथिकेशन चढवलेलं असतं. कर्ज फिटलं की बँकेची एनओसी घ्यायची आणि आरटीओत बोजा उतरवायचा. इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात तेच चित्र असतं. लीजमध्ये मालक फायनान्स कंपनी असते, टायटल, म्हणजे मालकीचा कागद, तिच्या नावावर असतं आणि तुम्ही भाडेकरू असता. गिरगावातली पागडीची खोली आठवा. ती दुसऱ्याला देता येते, पण घरमालकाची संमती घेऊन आणि त्याचा वाटा त्याला देऊन. लीजच्या गाडीचंही तसंच आहे.

म्हणून "तू चालव गाडी, हप्ता तू भर, कागद राहू देत माझ्या नावावर" हा व्यवहार कधीही करू नका. मित्र कितीही जवळचा असला तरी नको. करारात त्याला मनाई असते, आणि विमा कंपनीला खरा चालक कोण हे ठाऊक नसेल तर अपघाताच्या दिवशी दोघंही अडकता. आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच गाडी देऊन नाशिकला गेला. चार महिन्यांनी मित्राने हप्ते थांबवले. टोलचे दंड, थकबाकीची पत्रं, सगळं याच्या नावावर साठत गेलं. तीन वर्षांनी पुन्हा अमेरिकेत आला तेव्हा त्याच्या क्रेडिटची, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीची, इतकी वाईट अवस्था होती की भाड्याचं घर मिळवताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मैत्रीही गेली. हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून एवढं जोर देऊन सांगते.

आता विकण्याकडे वळू. पहिलं काम म्हणजे पेऑफचा आकडा मिळवणं. गाडी आज सोडवून घ्यायची तर कंपनीला किती द्यायचे, तो हा आकडा. त्यात उरलेले हप्ते असतात, रेसिड्युअल, म्हणजे लीज संपताना गाडीची उरेल अशी करारात आधीच ठरलेली किंमत असते आणि बहुधा खरेदीची फी असते. पुढच्या महिन्यांचं अजून न चढलेलं व्याज काही कंपन्या वजा करतात, काही करत नाहीत. मुदतीआधी लीज मोडली तर हिशेब कसा होईल हे करारात लिहून देणं १९७६च्या ग्राहक लीज कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा कराराचं ते पान शोधून शांतपणे वाचा. सही करताना आपण कोणीच ते वाचलेलं नसतं.

मग कंपनीला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. मी स्वतः घेतली तर पेऑफ किती? डीलरने घेतली तर किती? आणि माझ्या ब्रँडच्या बाहेरचा डीलर ती घेऊ शकतो का? हा तिसरा प्रश्न विसरू नका. २०२१मध्ये जुन्या गाड्यांचे भाव वाढले आणि लीजच्या गाड्या बाहेरच्यांच्या हाती जाऊ लागल्या, तेव्हा होंडा आणि जनरल मोटर्ससह अनेकांच्या फायनान्स कंपन्यांनी बाहेरच्या डीलरला थेट विक्री बंद केली. असे नियम कंपनीगणिक वेगळे असतात आणि बदलतही राहतात. म्हणून गेल्या वर्षी तुमच्या भावाने गाडी कशी विकली त्यावर विसंबू नका, आज तुमच्या करारावर काय लागू आहे ते विचारा.

उत्तर लेखीच मागा. आमच्या दुसऱ्या गाडीच्या वेळी फोनवरच्या बाईंनी एक आकडा सांगितला आणि आम्ही त्यावर विसंबून सौदा ठरवला. डीलरने चौकशी केली तेव्हा आकडा १,८०० डॉलरने जास्त निघाला, कारण आम्हाला सांगितलेला पेऑफ ग्राहकासाठीचा होता, डीलरसाठीचा वेगळा होता. सौदा मोडला, दोन शनिवार वाया गेले आणि घरात भांडण झालं ते वेगळं. लेखी पेऑफवर तो कोणत्या तारखेपर्यंत चालेल हेही लिहिलेलं असतं. ती तारीख कॅलेंडरवर टाका.

दुसरं काम बाजारभाव काढण्याचं. जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या कारमॅक्स आणि कारव्हाना या कंपन्यांच्या साइटवर गाडीचा नंबर आणि मैल भरले की काही मिनिटांत भाव मिळतो आणि तो ७ दिवस टिकतो. गाड्यांचे भाव सांगणाऱ्या केली ब्लू बुकच्या साइटवरूनही आसपासच्या डीलरांचे भाव येतात. सगळे एकाच आठवड्यात काढा, नाहीतर तुलना करता येत नाही. समजा डीलरसाठीचा पेऑफ २२,३०० आहे आणि भाव २४,५०० मिळाला, तर २,२०० डॉलर तुमचे. डीलर कंपनीला पैसे भरतो, टायटल कंपनीकडून थेट त्याच्याकडे जातं आणि वरच्या रकमेचा चेक तुमच्या हातात येतो. या वाटेने तुम्हाला विक्रीकर भरावा लागत नाही. घाईत असलेल्या माणसाला मी हीच वाट सांगते, दोन-चारशे डॉलर कमी मिळाले तरी.

बाहेरच्या डीलरला बंदी असेल तर तुमच्याच ब्रँडच्या डीलरकडे जा, मात्र हातात बाहेरचे लेखी भाव घेऊन जा. पहिल्या डीलरने सांगितलेला भाव शेवटचा समजू नका. फ्रीमाँट ते सॅन होजे या पट्ट्यात एकाच ब्रँडचे चार-पाच डीलर सहज सापडतात.

बरेचदा मात्र आकडे उलटे असतात. नव्या गाडीची किंमत पहिल्या दीड-दोन वर्षांत झपाट्याने उतरते आणि पेऑफ सावकाश उतरतो, म्हणून लीजच्या पहिल्या अर्ध्यात बाजारभाव पेऑफपेक्षा कमीच निघतो. इलेक्ट्रिक गाड्यांचं तर फारच कठीण झालं आहे. ७,५०० डॉलरची केंद्रीय सवलत लीजमधून मिळत होती, ती ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. त्या काळात पुष्कळांनी स्वस्त हप्त्यावर गाड्या घेतल्या. त्यांची करारातली रेसिड्युअल पाहिली आणि आजचा बाजारभाव पाहिला की पोटात खड्डा पडतो. अशा गाडीवर तीन-चार हजार डॉलर खिशातून भरून सुटायचं, की उरलेले हप्ते भरून मुदत पूर्ण करायची, हे कागदावर मांडून ठरवा. सहा महिनेच उरले असतील तर हप्ते भरणं पुष्कळदा स्वस्त पडतं. गाडी मुदतीआधी नुसती परत नेऊन देणं हा मात्र सहसा सगळ्यात महाग मार्ग असतो.

मैलांचाही विचार करा. लांबच्या ट्रेसी गावाहून रोज सॅन होजेला येणाऱ्याची मैलांची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते, आणि गाडी परत करताना दर जादा मैलाला १५ ते ३० सेंट द्यावे लागतात. गाडी विकत घेतली किंवा विकली तर तो दंड लागत नाही, परत करतानाची फीही लागत नाही. उलट घरून काम करणाऱ्याची गाडी गॅरेजमध्ये उभी असते. तिचे वाचलेले मैल परत करताना फुकट जातात, विकताना त्यांचे पैसे मिळतात.

लीज दुसऱ्याच्या नावावर अधिकृतपणे चढवण्याची सोय काही कंपन्या देतात. त्यासाठी घेणाऱ्याचं क्रेडिट तपासतात. नुकताच भारतातून आलेला आपला मुलगा तिथे बहुधा नापास होतो, त्यात त्याचा काही दोष नसतो. आणि हस्तांतरणानंतरही मूळ माणसाची जबाबदारी उरते का, हे कंपनीला जरूर विचारा. काही करारांत ती उरते.

आता ओळखीच्या माणसाला थेट विकण्याबद्दल. भाव इथे चांगला मिळतो, पण वेळ आणि धीर दोन्ही लागतात. आधी तुम्ही गाडी विकत घ्यायची, मग पुढे विकायची. अडचण टॅक्सची. आमच्या अलमेडा काउंटीत विक्रीकर १० टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे २२,००० च्या पेऑफवर दोन हजारांहून जास्त. यावर कॅलिफोर्नियात एक सोय आहे. लीज संपताना किंवा मोडताना घेतलेली गाडी टायटल मिळाल्यापासून १० दिवसांच्या आत तिसऱ्याच्या नावावर केली, तर तुमच्या खरेदीवर टॅक्स लागत नाही, फक्त नवा मालक भरतो. त्यासाठी डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, तसं लेखी निवेदन द्यावं लागतं. काही फायनान्स कंपन्या टॅक्स पेऑफमध्येच धरतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्यांना विचारा. ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संघटनेचे सभासद असाल तर डीएमव्हीची पुष्कळ कामं त्यांच्या ऑफिसात होतात, तिथे रांग कमी असते.

कंपनी पैसे मिळाल्यावर टायटल पोस्टाने पाठवते, त्यात काही आठवडे जाऊ शकतात. तोवर घेणाऱ्याला थांबवावं लागतं, आणि टायटल हातात नसताना पूर्ण रक्कम मागणं बरोबर नाही. तिकीट पंधरा दिवसांवर असेल तर या वाटेला जाऊच नका. पैसे घेताना घेणाऱ्याच्या बँकेत दोघांनी जा आणि कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतः काढलेला चेक, तिथल्या तिथे बनवून घ्या, कारण खोटे चेक फिरतात. माणूस मंडळातल्या ओळखीचा असला तरी असंच करा. चांगला माणूस त्याचं वाईट वाटून घेत नाही. स्मॉगचा, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीचा, दाखला देणं विकणाऱ्याचं काम आहे, मात्र चार वर्षांच्या आतल्या मॉडेलला आणि इलेक्ट्रिक गाडीला तो लागत नाही. गाडी दिल्यापासून ५ दिवसांत डीएमव्हीच्या साइटवर विक्रीची नोंद करा. नंबरच्या पाट्या गाडीसोबत जातात, आणि ही नोंद राहिली तर नव्या मालकाचे पार्किंगचे दंड तुमच्या पत्त्यावर येतात.

कोणत्याही वाटेने गेलात तरी पेऑफ जमा झाल्याचं लेखी येईपर्यंत हप्ता थांबवू नका. जादा गेलेला हप्ता परत येतो, चुकलेला मात्र क्रेडिटवर बसतो. विमाही त्यानंतरच बंद करा. दोन्ही किल्ल्या शोधून ठेवा. टोलसाठीचा फास्टट्रॅकचा टॅग काचेवरून काढा आणि खात्यातून गाडीचा नंबर वगळा. गाडीच्या पडद्यावरून फोन, घरचा पत्ता आणि गॅरेजचं बटण पुसून टाका. परत जाणार असाल तर इथलं बँक खातं निदान तीन-चार महिने चालू ठेवा आणि फायनान्स कंपनीकडे इथल्या एखाद्या विश्वासू मित्राचा पत्ता द्या. परताव्याचे चेक अजूनही पोस्टाने येतात, आणि पुण्यात तो चेक वटवणं सोपं नाही.