गिअरबॉक्सचे तेल घेण्यापूर्वीची तयारी

‘नव्वद नंबरचे ऑइल द्या’ एवढे सांगून गिअर ऑइल आणण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. परंतु नव्वद हा केवळ तेलाच्या दाटपणाचा आकडा असून ते तेल गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. म्हणून पहिले काम घरीच उरकावे. गाडीच्या माहितीपुस्तिकेत वंगणांचा तक्ता असतो. त्यातला एसएई दाटपणा (‘नव्वद’सारखा आकडा), एपीआयची श्रेणी (जीएल-४, जीएल-५ अशी) आणि तेल किती लिटर लागते, एवढे चिठ्ठीवर उतरवून घ्यावे. पुस्तिका हरवली असल्यास मॉडेल व साल सांगून कंपनीच्या सेवा केंद्रात विचारावे, शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नये. कारण काही गिअरबॉक्सना एटीएफसारखे (ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी बनवलेले) पातळ तेल, तर काहींना चक्क इंजिन ऑइल सांगितलेले असते.

त्यानंतर गाडीची रचना पाहावी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक लहान मोटारींत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जुळणी) एकाच हाऊसिंगमध्ये असल्याने एकच तेल दोन्ही कामे करते. जीप किंवा पिकअपसारख्या, मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत मागच्या ॲक्सलचे तेल वेगळे असते. तेथील क्राऊन-पिनियन या गिअरजोडीचे हायपॉइड (तिरकस वळणाचे) दाते एकमेकांवर जोराने घसटत फिरतात, म्हणून त्यांना जीएल-५ श्रेणी लागते; त्याच गाडीच्या गिअरबॉक्सला मात्र बहुधा जीएल-४ सांगितलेली असते. अशा वेळी दोन डबे आणावेत आणि काम सुरू करण्याआधीच त्यांवर मार्करने ‘गिअरबॉक्स’ व ‘ॲक्सल’ असे ठळक लिहून ठेवावे.

पाच हा आकडा चारापेक्षा मोठा, म्हणून जीएल-५ अधिक चांगले, ही समजूत सर्वांत महागात पडते. दातांवर प्रचंड दाब आला तरी धातूला धातू चिकटू नये यासाठी गिअर ऑइलमध्ये गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्ये घालतात (डबा उघडताच येणारा तो उग्र दर्प यांतल्या गंधकाचाच), आणि जीएल-५ मध्ये त्यांचे प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते. तेल तापले की यांतले सक्रिय गंधक तांबे-पितळेवर चढते आणि सिंक्रो रिंगा हळूहळू खाल्ल्या जातात. दुसरी अडचण घर्षणाची आहे. सिंक्रोची रिंग गिअरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग एकसारखा करते. तेल गरजेपेक्षा निसरडे असेल तर ती नुसतीच घसरते आणि दुसरा गिअर टाकताना कर्र असा आवाज येतो. डब्यावर जीएल-४ व जीएल-५ दोन्ही छापलेले असेल, तर ते सिंक्रोमेश गिअरबॉक्ससाठी योग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख शोधावा. तो नसेल तर डबा परत ठेवावा. अर्थात पुस्तिकेतच गिअरबॉक्ससाठी जीएल-५ लिहिले असेल, तर तेच घ्यावे.

दाटपणाबाबत फार काथ्याकूट नको. गिअर ऑइलची आकडेमोड इंजिन ऑइलहून वेगळी आहे, त्यामुळे नव्वदचे तेल चाळीसच्या दुप्पट दाट नसते; १०० अंश सेल्सिअसला ते इंजिनच्या ४० ते ५० ग्रेडच्या आसपासच बसते. डब्यावरचा ‘डब्ल्यू’चा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो. ७५डब्ल्यू ची थंडीतली कसोटी उणे ४० अंशांची आणि ८०डब्ल्यू ची उणे २६ अंशांची असल्याने महाराष्ट्रात या फरकाने काही अडत नाही. हिवाळ्यात लडाखला जाणाऱ्याने तो जरूर पाहावा.

प्रत्यक्ष कामासाठी ड्रेन प्लगचे नवे वायसर, हातपंप किंवा लांब नळीचे नरसाळे, पसरट परात आणि चिंध्या जवळ असाव्यात. दहा-पंधरा किलोमीटर चालवून तेल कोमट करावे, गाडी सपाट जागी स्टँडवर घ्यावी आणि आधी भरण्याचा प्लग सैल होतो का ते पाहावे. मी एकदा उलट क्रमाने गेलो. तेल सांडून मोकळा झालो, वरचा प्लग गंजून बसलेला, आणि गाडी दोन दिवस जागची हलली नाही. चुंबकी प्लगवर राखाडी लगदा दिसणे स्वाभाविक आहे, टोकदार कण मात्र नसावेत. जुने तेल बोटावर घेऊन उन्हात धरावे. त्यात सोनेरी चमक दिसली तर रिंगा झिजत आहेत, आणि ते दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की तापलेले हाऊसिंग एकदम निवते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून) पाणी ओढून घेते, हे त्याचे नेहमीचे कारण.

नवे तेल बहुतेक गिअरबॉक्समध्ये भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच भरायचे असते. जास्त भरल्यास ते सीलमधून वाट काढते. निघालेले तेल गटारात न ओतता त्याच रिकाम्या डब्यात भरून वापरलेले तेल घेणाऱ्या केंद्रावर द्यावे. तारीख, किलोमीटर आणि तेलाची श्रेणी बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटपट्टीवर लिहावी, आणि आठवडाभर रात्री गिअरबॉक्सखाली पुठ्ठा पसरून सकाळी त्यावर थेंब पडले आहेत का ते पाहावे.