शब्दांकन करताना ‘म्हणे’ ठेवायचं की काढायचं?

मुलाखतीच्या शब्दांकनाला नव्याने बसलेला माणूस एक तर ऐकलेलं सगळं जसंच्या तसं उतरवतो, नाहीतर ‘बरं का’, ‘ना’, ‘आपलं’, ‘म्हणजे’ हा सगळा केर समजून झाडून टाकतो. यातलं दुसरं जास्त घातक. दोष थोडा शाळेतल्या व्याकरणाचाही आहे. तिथे ‘म्हणे’, ‘आपला’, ‘बापडा’ यांची रवानगी ‘व्यर्थ’ केवलप्रयोगी अव्ययांत होते. नावातच निकाल लावलेला!

समजा, एक निवृत्त एसटी चालक सांगतायत: “म्हणजे काय झालं बरं का, गाडी घाटात बंद पडली. मी आपला खाली उतरून थांबलो. डेपोतून म्हणे दुसरी गाडी सोडली होती, पण ती काही आलीच नाही.”

सुरुवातीचे पाच शब्द बिनधास्त काढा. तिथे बोलणारा नुसता सूर लावतोय. ‘आपला’ काढलात तर उरतो पंचनामा. त्यांचा नाइलाज त्या एका शब्दात आहे. ‘म्हणे’ला तर हातच लावू नका. ते गेलं की दुसरी गाडी सोडली होती, हे चालकांचं स्वतःचं विधान होतं. प्रत्यक्षात त्यांना ते कुणीतरी सांगितलंय आणि त्यांचा त्यावर फारसा विश्वासही नाही. छापून आल्यावर कुणी जाब विचारला तर तो त्यांना विचारणार, तुम्हाला नाही. जागाच कमी असेल तर शेवटच्या वाक्यातलं ‘काही’ सोडा, ‘च’ ठेवा.

‘शब्द काढून बघ, वाक्य अडत नसेल तर तो नको’ हा सल्ला तुम्हालाही मिळेल. मला तो अर्धाच वाटतो. हे शब्द काढले तरी वाक्य व्याकरणात बसतंच. बघायचं ते हे, की वाक्य अजून त्याच माणसाचं आणि तेवढ्याच खात्रीचं राहिलंय का.

‘च’ कशाला चिकटलाय तेही नीट ऐका. ‘मीच तिथे गेलो’, ‘मी तिथेच गेलो’, ‘मी तिथे गेलोच’ ही तीन वेगळी वाक्यं आहेत. शंका आली तर ध्वनिमुद्रण मागे घ्या, आठवणीवर लिहू नका. कोल्हापूरकडच्या माणसाचं ‘बसा की’ बदलून ‘बसा ना’ करू नका. त्यातला आग्रह वेगळ्या चवीचा आहे.

पालुपदांचं सोपं आहे. कुणी दर वाक्याला ‘काय’ म्हणत असेल तर पहिल्या परिच्छेदात एकदोनदा येऊ द्या, पुढे गाळा. वाचकाला आवाज कळलेला असतो. एरवी गमतीचं वाटणारं पालुपद कागदावर बोलणाऱ्याची टिंगल केल्यासारखं दिसतं.

हे सगळं मासिकासाठी. भाषेच्या अभ्यासासाठी किंवा चौकशीच्या कामासाठी उतरवून देत असाल तर अडखळणंसुद्धा गाळू नका. काम घेतानाच विचारून घ्या, कारण गाळलेलं परत भरायला अख्खं ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही.