नुकत्याच संपवलेल्या गेमबद्दल आपले मत कसे लिहावे

व्हिडिओ गेममधला शेवटचा बॉस, म्हणजे सर्वांत अवघड शत्रू, पडतो, पडद्यावर श्रेयनामावली सरकू लागते आणि नेमके त्याच वेळी आपल्याला त्या गेमबद्दल लिहावेसे वाटते. लिहायला याहून वाईट वेळ नाही. अकराव्या प्रयत्नात बॉस हरला असेल तर संपूर्ण गेम भव्य वाटत असतो आणि शेवट घाईत गुंडाळलेला वाटला असेल तर आधीचे चाळीस तासही वाया गेल्यासारखे वाटतात. गेली काही वर्षे मी संपवलेल्या प्रत्येक गेमवर एक-दोन पाने लिहीत आलो आहे. सुरुवातीची टिपणे आज वाचताना लक्षात येते, की त्यांत गेम फारसा नाहीच. आहे ती केवळ त्या रात्रीची माझी मनःस्थिती. खेळणाऱ्याचे मत ही एक साक्ष असते आणि साक्षीदाराने आपल्याला काय दिसले हे सांगण्याआधी आपण कुठे उभे होतो हे सांगायचे असते, असे मी आता मानतो. पुढील पद्धत त्याच समजुतीतून तयार झाली आहे.

लिहिण्याचे काम गेम संपल्यावर सुरू होत नाही, ते खेळत असतानाच सुरू होते. रोज खेळ थांबवून सेव्ह केल्यावर वहीत दोन ओळी लिहाव्यात. कथा काय झाली हे लिहिण्याची गरज नाही, ते कुठेही सापडते. आज कुठे कंटाळा आला, कुठे उठावेसे वाटले नाही, काय कळले नाही आणि उद्या काय करून पाहायचे आहे, एवढेच लिहावे. ‘हॉलो नाईट’ (2017) खेळताना पहिल्या दोन दिवसांत मी लिहिले होते, की प्रत्येक नव्या प्रदेशाचा नकाशा विकत घ्यावा लागतो, तोही अर्धवट असतो आणि बाकावर जाऊन बसल्याशिवाय त्यात आपण पाहिलेल्या जागांची भर पडत नाही, हा निव्वळ छळ आहे. पुढे पंधरा-वीस तासांनी त्याच वहीत नोंद आहे, की आज दीड तास वाट चुकलो आणि बाक दिसल्यावर घरी आल्यासारखे वाटले. दुसरी नोंद पहिलीमुळेच खरी ठरते. वही नसती, तर शेवटी मी ‘नकाशाची पद्धत सुंदर आहे’ असे एक गुळगुळीत वाक्य लिहिले असते आणि ती पद्धत आवडू लागण्याआधी तिने मला किती वैतागवले होते, हे वाचणाऱ्याला कधीच कळले नसते.

प्रत्यक्ष टिपण लिहायला बसल्यावर आपण कुठे उभे होतो हे पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकावे: कोणत्या यंत्रावर खेळलो, साधारण किती तास लागले, काठिण्यपातळी कोणती होती, अडल्यावर मार्गदर्शक व्हिडिओ पाहिले की नाही. हे वरवर कोरडे तपशील वाटतात, पण पुढच्या प्रत्येक वाक्याचे वजन त्यांवर ठरते. ‘संपवला’ हा साधा शब्दसुद्धा वाटतो तितका सरळ नाही. ‘हेडीज’मध्ये (2020) पाताळातून पहिल्यांदा बाहेर पडलो म्हणजे कथा संपली असे होत नाही, श्रेयनामावली दिसण्यासाठी तशी दहा वेळा यशस्वी सुटका करावी लागते. ‘नीअर: ऑटोमाटा’मध्ये (2017) पहिली श्रेयनामावली येते तेव्हा खेळाचा मोठा भाग अजून शिल्लक असतो आणि तिथेच थांबलेल्या माणसाचे मत आणि पाचव्या मुख्य शेवटापर्यंत गेलेल्याचे मत ही जणू दोन वेगळ्या गेमबद्दलची मते असतात. दोन्हींना लिहिण्याचा अधिकार आहे. फक्त आपण कुठे थांबलो ते सांगितले पाहिजे.

कोणती आवृत्ती खेळलो हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘सायबरपंक 2077’ डिसेंबर 2020 मध्ये जुन्या कन्सोलवर खेळलेल्या माणसाने पाहिलेला गेम आणि सप्टेंबर 2023 च्या 2.0 अपडेटनंतर खेळलेल्याने पाहिलेला गेम यांचे नाव एकच आहे. कौशल्यांची रचना आणि पोलिसांची वागणूक त्या अपडेटमध्ये मुळापासून बदलली गेली. महिना आणि वर्ष न लिहिलेले मत अशा गेमच्या बाबतीत काही काळाने निरुपयोगी होते.

काठिण्यपातळीबद्दल मात्र अनेकांना उगाच संकोच वाटतो. ‘सेलेस्ट’मध्ये (2018) साहाय्याची सोय आहे, तीत खेळाचा वेग कमी करता येतो, दमसास अमर्याद करता येतो, इतकेच काय, इजा होणेही बंद करता येते. ‘हेडीज’मधील गॉड मोड सुरू केल्यावर इजा 20 टक्क्यांनी कमी होते आणि प्रत्येक मरणागणिक हे संरक्षण आणखी 2 टक्क्यांनी वाढते. उलट ‘सेकीरो’मध्ये (2019) काठिण्यपातळी निवडण्याची सोयच नाही. मी हेडीजचा उत्तरार्ध गॉड मोड लावून खेळलो आणि तसे लिहिले, कारण संवाद पुढे सरकावेत म्हणून मी ते केले होते. ‘लढाया सोप्या आहेत’ असे कोणी हे लपवून लिहिले, तर ती साक्ष खोटी ठरते.

गेम संपल्यावर काही दिवस जाऊ द्यावेत. तीन-चार तासांच्या ‘इन्साइड’सारख्या (2016) गेमला दोन दिवस पुरतात, साठ-सत्तर तासांच्या गेमला आठवडा द्यावा. त्या काळात जे आपोआप आठवते ते आणि वहीतील नोंदी यांची सांगड घातली, की लिहिण्यासारखे काय आहे हे बहुतेक वेळा स्वतःच ठरते.

आता मुख्य भाग. ‘गेमप्ले उत्तम, ग्राफिक्स अप्रतिम, कथा ठीक’ अशी वाक्ये कोणत्याही गेमला चिकटवता येतात आणि म्हणून ती कोणत्याच गेमबद्दल काही सांगत नाहीत. माझा नियम असा आहे, की कोणतेही विशेषण लिहिण्याआधी माझ्या हातांनी आणि डोक्याने काय केले हे क्रियापदांत लिहून पाहायचे. लुकस पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (2018) हा गेम घेऊ. 1807 साली एक हरवलेले जहाज परत दिसते आणि त्यावरील 60 जणांपैकी प्रत्येकाचे काय झाले हे विमा निरीक्षक म्हणून आपल्याला शोधायचे असते. मृतदेहाजवळ उभे राहून आपल्याजवळचे जादुई घड्याळ उघडले, की मृत्यूचा क्षण गोठलेल्या चित्रासारखा समोर उभा राहतो. त्यात फिरून कपडे, बोलण्याची ढब, झोपण्याच्या झोळ्यांवरील क्रमांक अशा खुणांवरून नाव आणि शेवट ठरवायचा. तीन जणांची माहिती अचूक जुळली, की गेम ती एकदम पक्की करतो. तोपर्यंत काय बरोबर आणि काय चूक याचा पत्ता लागू देत नाही.

यावर ‘तर्काला मस्त वाव आहे’ असे लिहून मोकळे होता येते. पण मी काय केले हे लिहायला बसलो तेव्हा एक अवघड गोष्ट कबूल करावी लागली. दोन नावांची खात्री झाली, की तिसऱ्या जागी मी माणसे बदलून बदलून पाहत असे. म्हणजे तपास सोडून तुक्के मारत असे आणि गेम ते चालवून घेत असे. तीनची अट तुक्क्यांना आळा घालण्यासाठीच असावी, कारण एकेका नावाचा निकाल लगेच मिळाला असता तर तर्क करायची गरजच उरली नसती. तरीही दोन पक्की नावे हाताशी असणाऱ्याला एक फट उरतेच. हे लिहिल्यावर माझे कौतुकही नेमके झाले: जिथे मी तुक्का न मारता एखाद्या खलाशाला केवळ त्याच्या बुटांवरून ओळखले, तिथे मिळालेला आनंद मला दुसऱ्या फारच थोड्या गेमनी दिला आहे. कृती लिहिली, की स्तुती आणि मर्यादा एकाच वाक्यातून बाहेर येतात. ‘चांगल्या बाजू’ आणि ‘वाईट बाजू’ अशा दोन याद्या कराव्या लागत नाहीत. अशा याद्यांवर माझा विश्वासही नाही, कारण बहुधा एकच गोष्ट दोन्हींकडे असते.

‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ (2018) संथ आहे, हे मत असेच अर्धवट आहे. टोळीच्या तळावर असताना नायकाला धावता येत नाही आणि शिकार सोलण्याची कृती दर वेळी पाहावी लागते, हे सांगितल्यावर संथपणाला आकार येतो. त्यापुढे त्या संथपणाने आपल्याला काय करायला लावले ते लिहावे. सुरुवातीला त्याच सक्तीच्या चालीमुळे मी तळावरच्या लोकांची आपापसातली बोलणी ऐकू लागलो आणि साठाव्या तासाच्या आसपास त्याच चालीत घड्याळाकडे पाहू लागलो. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही तास नोंदवून लिहिले, तर वाचणारा आपल्या सवडीनुसार हिशेब करू शकतो.

तक्रार लिहिताना थोडे अधिक थांबावे लागते. एखादा टप्पा नकोसा झाला, तर तो माझ्या चुकीमुळे झाला, माझ्या आवडीच्या बाहेरचा होता म्हणून झाला की खरोखरच रचनेत खोट होती, हे वेगळे करता आले पाहिजे. सेकीरोमध्ये चुकवून पळत राहण्याची सवय मोडून समोरून येणारा वार वेळेवर परतवायला शिकावे लागते. जुनी सवय न सोडता ‘लढाई अन्यायकारक आहे’ असे लिहिणे म्हणजे परीक्षकावर अभ्यास न केल्याचा राग काढणे आहे. लपतछपत जाण्याचे गेम मला मुळातच आवडत नाहीत. त्यामुळे तशा टप्प्यांविषयी मी तक्रार करतो तेव्हा हा पूर्वग्रह त्याच वाक्यात सांगतो. पण कॅमेरा भिंतीत अडकून शत्रू दिसेनासा होत असेल किंवा अक्षरे इतकी बारीक असतील की सोफ्यावरून वाचता येत नाहीत, तर तिथे विनय दाखवण्याचे कारण नाही. स्पष्ट लिहावे.

रहस्यभेदाचा, म्हणजे न खेळलेल्याला आधीच गुपित सांगून टाकण्याचा (स्पॉयलरचा), प्रश्न प्रत्येक गेममध्ये सारखा नसतो. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये (2019) 22 मिनिटांचे एक चक्र पुन्हा पुन्हा सुरू होते आणि खेळणाऱ्याची ताकद कधीच वाढत नाही, पुढे नेते ते केवळ कळलेले ज्ञान. अशा गेममधील एक उत्तर सांगणे म्हणजे वाचणाऱ्याकडून गेमचा तेवढा तुकडा कायमचा काढून घेणे. तिथे मी काय सापडले हे न सांगता ते शोधताना कसा वागलो एवढेच सांगतो. जिथे कथेचा शेवट सांगितल्याशिवाय मत मांडता येत नाही, तिथे आधीच्या ओळीत ठळक सूचना देऊन पुढे जावे.

गुण देण्याची सक्ती कोणीही केलेली नाही. समीक्षकांच्या गुणांची सरासरी दाखवणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर चित्रपटाला 61 गुणांपासून हिरवा, म्हणजे अनुकूल मताचा, रंग मिळतो, गेमला मात्र 75 पासून; म्हणजे 70 या एकाच आकड्याचा अर्थ दोन दालनांत दोन प्रकारचा होतो. गुण द्यायचेच असतील तर आपली मोजपट्टी एकदा लिहून ठेवावी आणि मधल्या आकड्यांना खरोखर मधला अर्थ द्यावा. मी ते सोडून दिले आहे. त्याऐवजी ‘हा पुन्हा खेळेन का’ याचे उत्तर लिहितो.

एका बैठकीत तीन-चार गेमबद्दल लिहायचे असेल, तर ते कोणत्या क्रमाने संपवले हे सांगणे मला आवश्यक वाटते. शंभर तासांच्या गेमनंतर हाती आलेला चार तासांचा गेम नेहमीच चपखल आणि नेटका वाटतो; त्यातील काही श्रेय आपल्या थकव्याचे असते. प्रत्येकाला सारख्या ओळी द्यायची गरज नाही. ज्याबद्दल दोनच वाक्ये सुचली त्याला दोनच वाक्ये द्यावीत.

टिपण पूर्ण झाल्यावर ते एकदा मोठ्याने वाचावे आणि ज्या वाक्यातील गेमचे नाव बदलून दुसरे घातले तरी चालेल असे वाटते, ते वाक्य खोडावे. पुढे सहा महिन्यांनी मत बदलले, तर जुना मजकूर दुरुस्त करू नये. खाली तारीख घालून नवी ओळ जोडावी. माझ्या ‘हॉलो नाईट’च्या टिपणाखाली अशा तीन ओळी आहेत आणि तिसरी ओळ पहिलीशी सरळ भांडते.