हळदीची पावडर करण्याआधी खळ्यावरच्या या चुका टाळा

हळद निघाली की दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: पावडर करायचं मशीन कुठलं घ्यावं? मी उलट विचारतो, तुमच्या हळदीला लिलावात शेजाऱ्यापेक्षा कमी भाव का मिळाला? बहुतेकांचा पैसा मशीनच्या आधीच, शिजवण्यात आणि वाळवण्यात गेलेला असतो. साधारण पाच क्विंटल ओल्या हळदीतून एक क्विंटल वाळलेली हाती येते. त्या एका क्विंटलचा दर्जा खळ्यावरच ठरतो.

हळकुंड मोडलं की आत दोन रंग दिसतात, किंवा पोकळी दिसते

गड्डे (झाडाच्या बुडाचे जाड मूळ कंद) आणि हळकुंडं म्हणजे कांडी (त्यांना फुटलेली बोटांसारखी हळद) एकत्र शिजवल्याची ही खूण. गड्ड्याला वेळ जास्त लागतो. तो शिजेपर्यंत थांबलात तर कांडी जास्त शिजते आणि तिचा रंग मंदावतो. लवकर काढलात तर गड्डा आत कच्चा राहतो. काढणी झाली की गड्डे मोडून वेगळे करा, जाड-बारीक कांडी निवडा आणि प्रत्येकाचं शिजवण स्वतंत्र करा. काढणीनंतर चार-पाच दिवसांच्या आत शिजवून मोकळं व्हा. हळद शिजवायचा कुकर भाड्याचा असला की त्याचा मालक घाई करतो. त्याचं घड्याळ बघू नका, काडी टोचून बघा. ती सहज आत गेली पाहिजे.

व्यापारी ओल आहे म्हणतो आणि भाव तोडतो

बरेचदा त्याचं म्हणणं खरं असतं, हे मान्य करायला जड जातं. मोकळ्या मातीवर वाळवलेल्या हळदीला माती लागते. जाड थर टाकला तर खालचा माल ओला राहतो, आणि फार पातळ पसरला तर रंग उडतो. सिमेंटचं खळं किंवा स्वच्छ ताडपत्री घ्या, दोन-तीन इंचांचा थर ठेवा, दिवसातून अधूनमधून हलवा आणि संध्याकाळी ढीग करून झाका. दहा-पंधरा दिवस लागतात. अवकाळीचा एक शिडकावा पडला तरी बुरशी धरते, म्हणून ताडपत्री हाताशी असू द्या. वाळलेली कांडी वाकत नाही, कट् आवाज करून तुटते. गावात चार-पाच जणांनी मिळून ओलावा मोजायचं यंत्र घेतलं तर व्यापाऱ्याशी आकड्यावर बोलता येतं. ८ ते १० टक्के ओलावा आला की पोत्यात भरा.

पॉलिश करताना, म्हणजे वाळलेल्या हळदीची वरची खरबरीत साल घासून काढतानाही, गड्डे वेगळेच ठेवा. मिसळलेल्या ढिगाला व्यापारी भाव लावतो तो त्यातल्या हलक्या मालाचा.

आवक वाढली, भाव पडला, आणि उधारी दारात उभी

सगळी हळद एकाच आठवड्यात विकणं ही नाइलाजाची चूक आहे, मला ती समजते. पण अनेकांना ठाऊकच नसतं की राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत हळदही बसते. बाजार समितीत माल तारण ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. काढणीआधीच समितीत जाऊन जागा आणि कागदपत्रांची चौकशी करा.

पावडर विकली, तरी शेवटी शिल्लक काही नाही

घरची हळद फुकट धरल्यामुळे असं होतं. समजा त्या दिवशी कांडीचा भाव किलोला १३० रुपये आहे. दळण आणि घट १५, पिशवी-लेबल १२, वाहतूक १५. खर्च १७२ झाला. छापील किंमत २००, दुकानदाराला २० टक्के सोडले तर हातात १६०. किलोमागे १२ रुपये तोटा, वर कष्ट वेगळे. हेच पाकीट ओळखीच्या घरांना थेट २०० ला गेलं तर गणित बदलतं. म्हणून आधी गिऱ्हाईक मोजा, मग दळा.

दुसरी चूक माझ्याच हातून झाली. पहिल्या वर्षी सहा क्विंटल एकदम दळून पारदर्शक पिशव्यांत भरली. दिवाळीपर्यंत रंग उतरला आणि वासही गेला. उजेडाने हळदीचा रंग जातो, दळताना चक्की तापली की सुगंधी तेल उडतं. आता महिन्याला लागेल तेवढंच, थांबत थांबत दळतो आणि उजेड न शिरणाऱ्या पाकिटात भरतो.

लेबलवर एफएसएसएआय (अन्न सुरक्षा परवान्याचा) क्रमांक, वजन, पॅकिंगची तारीख, किंमत हवीच. वायगाव हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (त्या भागातल्या मालालाच ते नाव वापरण्याचा हक्क) मिळालं, पण ते नाव पाकिटावर छापण्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. हे न करता छापणारे पुष्कळ भेटतात.

आणि पावडरीला चांगली कांडी घालू नका. ती अखंड विका. गड्ड्याला लिलावात भाव कमी असतो, आणि दळल्यावर आकार कोणी बघत नाही, तो दळा.