ॲम्प्लिफायर घेण्याआधी किंमत न बघता ऐका
ग्वाल्हेरला लश्कर भागातल्या बाजारात दोन ॲम्प्लिफायर ऐकताना किमतीची चिठ्ठी आधी नजरेआड करावी, कारण महाग ते गोड वाजणार, असे मन ठरवूनच बसते. त्याहून मोठी फसगत आवाजाच्या पातळीमुळे होते: दोहोंपैकी एक अवघा अर्धा डेसिबल (आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) मोठा असला, तरी तो मोठा न वाटता अधिक स्पष्ट आणि भरदार वाटतो. म्हणून १ किलोहर्ट्झचा स्थिर स्वर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजावे आणि दोन्हींचे व्होल्टेज १ टक्क्याच्या आत जुळवावे. म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत राहतो. मग स्पीकर तेच ठेवून, आपल्याला पाठ असलेल्या एखाद्या ख्यालातला छोटा तुकडा, शक्यतो तानपुऱ्याची जवारी (तारांचा गुंजणारा नाद) नीट ऐकू येणारा, सोबतच्या माणसाला दर वेळी नाणे उडवून कोणत्याही एका ॲम्प्लिफायरवर लावायला सांगावे. लावणारा आपल्याला दिसता कामा नये. चेहऱ्यावरूनही उत्तर कळते. १० पैकी ९ वेळा बरोबर ओळखले, तर फरक खरा मानावा, कारण निव्वळ अंदाजाने इतके जुळण्याची शक्यता जेमतेम १ टक्का असते; ६-७ बरोबर येण्याला फारसा अर्थ नाही. फरक ओळखता आला नाही, तर दोहोंपैकी स्वस्त ॲम्प्लिफायर घ्यावा आणि उरलेली रक्कम स्पीकरसाठी राखावी, कारण सहज ऐकू येणारे फरक बहुतेक स्पीकरमध्येच असतात.