शंभर ब्लॉग वाचायचे असतील तर फीड रीडर कसा निवडावा

दहा-बारा ब्लॉग बुकमार्कांवर निभावतात. आकडा पन्नासच्या पुढे गेला की कुणी नवं लिहिलंय हे बघण्यातच वेळ जातो, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदाच पण मन लावून लिहिणारी माणसं सगळ्यात आधी नजरेआड होतात. फीड रीडर हवा तो मुख्यतः त्यांच्यासाठी. ब्लॉग आपल्या ताज्या नोंदींची एक फाइल अद्ययावत ठेवतो, तिला फीड म्हणतात. रीडर तुमच्या यादीतल्या सगळ्या फीड्स तपासून नवं तेवढं एका जागी मांडतो.

निवडताना लोक आधी रीडरचं रूप बघतात. आधी बघायला हवं ते हे, की फीड्स आणतं कोण: तुमचा फोन की कुठलातरी सर्व्हर? फीडमध्ये ब्लॉगवरच्या सगळ्या नोंदी नसतात. ब्लॉग वर्डप्रेसवर चालत असेल तर फीडमध्ये, मालकाने आकडा बदलला नसेल तर, शेवटच्या १० असतात; गूगलच्या ब्लॉगर सेवेवर असेल तर २५. आठवड्याला एक लेख येत असेल तर काही बिघडत नाही, महिनाभर ॲप उघडलं नाही तरी चारही लेख मिळतात. पण दिवसाला ४० बातम्या टाकणाऱ्या साइटची १० नोंदींची फीड सहा तासांत पूर्ण बदलते. रात्रभर फोन बंद राहिला तर मधल्या नोंदी ॲपपर्यंत पोचतच नाहीत, आणि काही सुटलं हे कळतही नाही. सर्व्हरवरची सेवा तुम्ही झोपलेले असतानाही फीड तपासत राहते.

म्हणून यादीत भरपूर लिहिणाऱ्या साइट असतील, किंवा फोन आणि संगणक दोन्हींवर वाचायचं असेल, तर सर्व्हरवरची सेवा घ्या. फुकट खात्यांना मर्यादा असते: फीडली आणि द ओल्ड रीडर १०० फीड्स, इनोरीडर १५०, न्यूजब्लर ६४. या मर्यादा बदलत असतात, तेव्हा खातं उघडण्याआधी त्यांचं दरपत्रक बघून घ्या. आणखी एक गोष्ट: कमी वाचकांच्या फीड्स फुकट खात्यात बऱ्याचदा सावकाश तपासल्या जातात, त्यामुळे नवी नोंद काही तास उशिरा दिसू शकते. ब्लॉग वाचायला तेवढा उशीर चालतो. फीडबिनला फुकट खातं नाही, पण ती सेवा तुम्हाला एक ईमेल पत्ता देते. त्या पत्त्यावर मागवलेली न्यूजलेटर्स ब्लॉगांच्याच रांगेत येऊन बसतात.

यादीत मुख्यतः वैयक्तिक ब्लॉग असतील आणि एकाच यंत्रावर वाचायचं असेल, तर स्थानिक ॲप, म्हणजे तुमच्याच यंत्रावरून फीड्स आणणारं, उत्तम. अँड्रॉइडवर फीडर, आयफोन आणि मॅकवर नेटन्यूजवायर, संगणकावर थंडरबर्ड. तिन्ही फुकट, मुक्त स्रोत, आणि फीड्सच्या संख्येवर बंधन नाही. नेटन्यूजवायर आयक्लाउडमार्फत ॲपलच्या यंत्रांमध्ये वाचलेलं-न वाचलेलं जुळवूनही घेतं. अँड्रॉइडवर मात्र एक गोष्ट हमखास बिघडते: फोनची बॅटरी-बचत ॲपला पार्श्वभूमीवर चालूच देत नाही, आणि मग ॲप उघडल्यावरच नोंदी यायला लागतात. सेटिंग्जमध्ये त्या ॲपची बॅटरीवरची बंधनं काढा आणि ॲपमध्ये तपासणीचं अंतर ठरवा. ब्लॉगांसाठी दर तीन तासांनी तपासणी भरपूर झाली.

स्वतःचा सर्व्हर चालवता येत असेल त्यांच्यासाठी फ्रेशआरएसएस आणि मिनिफ्लक्स आहेत. फ्रेशआरएसएस पीएचपी या भाषेवर चालतं आणि त्याला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेसही पुरतो. मिनिफ्लक्सला पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस लागतो. फ्रेशआरएसएस बसवल्यावर लोक क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी सर्व्हरची सोय, लावायचं विसरतात. ते नसेल तर फीड्स आपोआप तपासल्याच जात नाहीत, आणि दोष मात्र ब्लॉगांना दिला जातो.

आता प्रत्यक्ष चाचणी. सगळी यादी एकदम भरू नका. वीस फीड्स निवडा, त्या मुद्दाम मिसळीच्या: क्वचित लिहिणारे पाच-सहा ब्लॉग, धो धो लिहिणाऱ्या दोन साइट, भरपूर छायाचित्रांचा एक ब्लॉग, फीडमध्ये पूर्ण लेखाऐवजी चार ओळीच देणारा एक, एखादं यूट्यूब चॅनेल, आणि उरलेले तुमचे नेहमीचे. दोन रीडरांत हीच यादी घालून आठवडाभर वाचा.

बहुतेक रीडरांना ब्लॉगचा साधा पत्ता दिला की फीड आपोआप सापडते. नाही सापडली तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत फीड लिहा. सबस्टॅक या न्यूजलेटर सेवेवरच्या पत्त्यांनाही हेच चालतं. ब्लॉगरसाठी फीड्स, पोस्ट्स, डीफॉल्ट हे तीन इंग्रजी शब्द तिरक्या रेघांनी जोडून लावा. वर्डप्रेसवर एखाद्या वर्गाच्या पानाच्या पत्त्यापुढेही फीड लावता येतं. राजकारण, क्रिकेट आणि पाककृती सगळंच लिहिणाऱ्याचं फक्त पाककृतींचं पान घेता आलं तर यादी एकदम हलकी होते, आणि ही सोय फार कमी जण वापरतात.

काही फीड्समध्ये चार ओळीच येतात. हा रीडरचा दोष नाही. ब्लॉगच्या मालकाने सेटिंग्जमध्ये पूर्ण मजकुराऐवजी सारांश निवडलेला असतो. अशा वेळी मूळ पानावरून लेख आणणारा रीडर हवा. फीडर आणि मिनिफ्लक्समध्ये ही सोय एकेका फीडसाठी सुरू करता येते, नेटन्यूजवायरमध्ये त्यासाठी रीडर व्ह्यू आहे. पैसे भरून वाचायचा मजकूर मात्र यातून मिळत नाही.

मराठी ब्लॉगांसाठी वेगळं तपासा. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वेलांट्या आणि रफार कापले जातात. अंतर आणि फॉन्ट बदलता येतो का ते बघा. शोधही करून बघा. वाऱ्या, दुसऱ्या अशा शब्दांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकला जातो. दिसतो सारखाच, पण एका प्रकाराने शोधलं तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेली नोंद बऱ्याच रीडरांना सापडत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या जुन्या साइट निरर्थक इंग्रजी अक्षरांत दिसतील, आणि त्यावर कुठल्याच रीडरकडे इलाज नाही.

एक अट मात्र सोडू नका: यादी ओपीएमएल फाइलमध्ये (फीड्सची यादी एका रीडरातून दुसऱ्यात नेण्याची फाइल) बाहेर काढता आलीच पाहिजे. गूगलचा फीड रीडर, गूगल रीडर, १ जुलै २०१३ रोजी बंद झालं तेव्हा ज्यांच्याकडे ही फाइल होती त्यांनी यादी दुसरीकडे सहज नेली. चाचणीच्या पहिल्याच दिवशी ती काढा आणि दुसऱ्या रीडरात भरून बघा. तिच्यात फीड्सची नावं, पत्ते आणि फोल्डर येतात; तारांकित नोंदी किंवा काय वाचून झालं हे येत नाही. म्हणून जपून ठेवायच्या नोंदींचे दुवे वेगळे साठवा. जुनी फाइल भरताना शेवटी ब्लॉगस्पॉट डॉट इन असलेले पत्ते दिसले तर तिथे डॉट कॉम करा. ते इन डोमेन २०२० मध्ये गूगलच्या हातून गेलं, पण ब्लॉग डॉट कॉमवर बहुधा जसेच्या तसे आहेत.

फोल्डर विषयांनुसार करण्यापेक्षा वाचायच्या निकडीनुसार करा: रोज, आठवड्याला, सवडीने. क्वचित लिहिणारे सगळे ‘रोज’मध्ये टाका, त्यांची नोंद आली की लगेच दिसेल. दिवसाला वीसपेक्षा जास्त नोंदी टाकणाऱ्या साइट ‘सवडीने’मध्ये, आणि तीन दिवसांहून जुनं सगळं वाचलेलं म्हणून खूण करून मोकळे व्हा.

फीड थांबली तर रीडरने दाखवलेला त्रुटीचा आकडा बघा. ४०४ म्हणजे पत्ता बदललाय किंवा ब्लॉग गेलाय. ब्लॉग उघडून नवा पत्ता घ्या. ४०३ म्हणजे ब्लॉगचा सर्व्हर रीडरच्या सर्व्हरला अडवतोय. तीच फीड स्थानिक ॲपमध्ये बऱ्याचदा चालते. जुन्या सगळ्या नोंदी एकाएकी नव्या म्हणून परत आल्या तर मालकाने ब्लॉग नव्या पत्त्यावर हलवलेला असतो आणि नोंदींच्या ओळखखुणा बदललेल्या असतात. एकदा सगळ्या वाचलेल्या म्हणून खूण केली की पुढे सुरळीत चालतं.