कॅम्परमधली खडखड: ढिले स्क्रू आणि पॅनेल कसे बसवावे

मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे खाऊन कॅम्पर (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) सोसायटीच्या आवारात लागली की मी डिसमिस लगेच हातात घेत नाही. आधी कपाटं, दारं, छत मुठीने हलकेच ठोकत जातो. खुळखुळलं की तिथे मास्किंग टेपचा तुकडा. आवाज एकीकडून येतो आणि स्क्रू भलतीकडचा ढिला असतो, तेव्हा घाई नको.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, सिलिंडर बंद करा.

आता स्क्रूला एक वेढा द्या. धरला तर ठीक. नुसताच गरगरला, तर दोष स्क्रूचा नाही, भोकाचा आहे; लाकडातले आटे गेलेत. आणखी पिळाल तर भोक फक्त मोठं होईल. स्क्रू काढा, काडेपेटीच्या काड्यांचे गुल मोडा, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा आणि वरची टोकं कापा. (खराट्याचे हीर घेऊ नका, गुळगुळीत असतात, गोंद धरत नाहीत.) 24 तास हात लावायचा नाही, पावसाळ्यात 2 दिवस. नंतर स्क्रूपेक्षा बारीक ड्रिल बिटने भोक पाडा आणि स्क्रू हातानेच आवळा.

पार्टिकल बोर्ड असेल तर काड्या फार टिकत नाहीत, आतला भुगा सुटत राहतो. बिजागरीसारख्या वजनाच्या जागी मागून प्लायचा तुकडा लावा आणि आरपार नट-बोल्ट टाका.

स्क्रूची लांबी मोजायला विसरू नका. मी एकदा 12 मिमीच्या प्लायमध्ये 25 मिमीचा स्क्रू घातला. मागे पाण्याचा पाइप होता. गादी दोन दिवस गच्चीत वाळत होती.

पत्र्यात स्क्रूचे आटे गेले असतील तर काड्यांचा काही उपयोग नाही. तिथे रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात पक्की बसणारी, आतून आटे असलेली नळी) बसवून बोल्ट लावा. धातूला धातू असेल तिथेच निळं थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा गोंद), एक थेंब. लाल नको, ते उघडायला तापवावं लागतं. प्लॅस्टिकलाही लावू नका, तडा जाऊ शकतो. बोल्टवर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) मिळाला तर थ्रेडलॉकरचीही गरज नाही.

हे सगळं मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतं. स्क्रू 304 स्टेनलेसचेच मागा. साधे झिंकचे आपल्या खाऱ्या हवेत लवकर गंजतात. नवा प्लाय लागला तर आयएस 710 (मरीन प्लायचं मानक) शिक्का पाहून घ्या.

प्लॅस्टिक पॅनेल काढताना धातूची पट्टी घालू नका, क्लिपच्या अगदी जवळून प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला. तुटकी क्लिप चिकटवण्यात अर्थ नाही, नवीच घ्या. दोन पॅनेल एकमेकांवर घासून कुरकुरत असतील तर मध्ये फेल्टची पट्टी पुरते.

शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून पॅनेलवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. पुढच्या फेरीनंतर रेघ सरकलेली दिसली, की कुठे बघायचं ते कळतं.